हेडफोन : वायरचे की बिनतारी?

नवा स्मार्टफोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास टिकणार, मेमरी किती, याची बारकाईने चौकशी करणारा ग्राहक हेडफोनकडे मात्र जाता जाता घ्यायची वस्तू म्हणून पाहतो. दुकानदार दाखवील ते, रंग आवडेल ते किंवा सवलतीत मिळेल ते, असा हा व्यवहार असतो. पूर्वी निवडीचा फारसा प्रश्नच नव्हता. फोनच्या खोक्यातच वायरचे हेडफोन मिळत आणि ते लावण्यासाठी बहुतेक फोनना गोल जॅक असे. आता अनेक फोनमधून हा जॅक नाहीसा झाला आहे, खोक्यातील हेडफोनही गेले आहेत आणि निर्णयाची जबाबदारी ग्राहकावर येऊन पडली आहे.

हा निर्णय केवळ ‘गुंता नको, सोय हवी’ इतक्यापुरता मर्यादित नाही. वायर गेली म्हणून तिचे काम संपत नाही. ते रेडिओलहरी, चिप आणि हरभऱ्याएवढी बॅटरी यांच्यावर सोपविले जाते. या बदलाची किंमत वस्तूचे आयुष्य, आवाजाला होणारा विलंब आणि दुरुस्तीची शक्यता या रूपांत मोजावी लागते. आणि एक प्रश्न असा आहे, की ज्यावर वायर असण्यानसण्याचा थेट परिणाम होत नाही. तो म्हणजे खुद्द कानाच्या आरोग्याचा.

जॅकचा दीर्घ प्रवास

हेडफोनच्या जॅकचा जन्म एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाला. ऑपरेटर पाव इंच जाडीची पिन फळ्यावरील छिद्रात खोचून दोन ग्राहकांचे बोलणे जोडून देत. १९१०च्या सुमारास अमेरिकेतील युटाह प्रांतातील नॅथनिएल बाल्डविन यांनी तयार केलेले हेडफोन तेथील नौदलाने स्वीकारले. १९५८मध्ये जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओसाठी पिन बारीक होऊन साडेतीन मिलिमीटरची झाली आणि १९७९मध्ये आलेल्या सोनीच्या वॉकमनने ती जगभर पोहोचविली. मोबाइल फोननेही पुढे तीच पिन स्वीकारली.

या परंपरेला मोठा धक्का बसला तो २०१६मध्ये. त्या वर्षी मोटोरोलाचा ‘मोटो झेड’ आणि पाठोपाठ सप्टेंबरमध्ये ॲपलचा ‘आयफोन ७’ जॅकविना आला. डिसेंबरमध्ये ॲपलने ‘एअरपॉड्स’ हे पूर्णतः बिनतारी इअरबड विक्रीस आणले. सॅमसंगने २०१९च्या ‘नोट १०’मधून जॅक काढला. २०२०मध्ये ‘आयफोन १२’च्या खोक्यातून वायरचे हेडफोनही वगळण्यात आले. फोनमधील जागा वाचते, पाणी शिरण्याची एक वाट बंद होते, अशी कारणे कंपन्यांनी दिली. ती निराधार नव्हती. मात्र त्याच सुमारास बिनतारी हेडफोन हा कंपन्यांसाठी स्वतंत्र आणि किफायतशीर धंदा ठरला, हेही तितकेच खरे. कमी किमतीच्या अनेक फोनमध्ये हा जॅक आजही टिकून आहे.

वायरमधून काय वाहते?

फोनमध्ये साठविलेले किंवा इंटरनेटवरून येणारे गाणे म्हणजे अंकांची मालिका असते. या अंकांचे रूपांतर विजेच्या कमी-जास्त होणाऱ्या प्रवाहात करणारी चिप आणि तो प्रवाह वाढविणारा ॲम्प्लिफायर जॅक असलेल्या फोनमध्येच बसविलेला असतो. हा प्रवाह तांब्याच्या वायरमधून हेडफोनमधील तारेच्या वेटोळ्यापर्यंत जातो. लोहचुंबकाच्या क्षेत्रात ते वेटोळे मागेपुढे हलते, त्याला चिकटलेला पातळ पडदा थरथरतो आणि हवेत ध्वनी उमटतो. हेडफोनला स्वतःची बॅटरी लागत नाही, चिप लागत नाही. त्यामुळेच काही शे रुपयांतही बऱ्यापैकी आवाज मिळू शकतो आणि वस्तू नीट जपली तर दहा-दहा वर्षे चालते.

वायरच्या हेडफोनचा कमकुवत भाग एकच, तो म्हणजे वायर. पिनपाशी आणि कानाजवळच्या जोडापाशी सतत वाकून आतील बारीक तारा तुटतात. एका कानातला आवाज जातो किंवा पिन विशिष्ट कोनात धरली तरच दोन्ही बाजू वाजतात. हा दोष सोल्डरिंगने दूर करता येतो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली यांसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत नवी पिन विकत मिळते. हेडफोन अगदीच स्वस्त असेल तर दुरुस्तीपेक्षा नवा घेणे परवडते, ही गोष्ट वेगळी.

हवेतून जाणारा आवाज

बिनतारी हेडफोनचा आधार असलेल्या ब्लूटूथ तंत्राची सुरुवात १९९४मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत झाली. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. १९९८मध्ये विविध कंपन्यांचा संघ स्थापन होऊन या तंत्राचे समान नियम ठरू लागले. स्टिरिओ संगीत पाठविण्याची पद्धत २००३मध्ये निश्चित झाली.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते. वाय-फायदेखील याच पट्ट्याचा वापर करते. गर्दीत संदेश एकमेकांत मिसळू नयेत म्हणून संगीतासाठी रूढ असलेल्या पद्धतीत फोन आणि हेडफोन ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारतात. तरीही मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. त्यामुळे फोन मागच्या खिशात असेल आणि भोवती संध्याकाळच्या दादर स्थानकासारखी गर्दी असेल, तर आवाज मध्येच तुटल्याचा अनुभव येऊ शकतो.

यातली मेख पुढे आहे. सीडीवरील संगीत सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट इतकी माहिती घेऊन येते. ब्लूटूथवरून एवढी माहिती अखंड पाठविणे अवघड असल्याने ती आकसून घ्यावी लागते. आकसण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या या रीतीला ‘कोडेक’ म्हणतात. संगीताच्या ब्लूटूथ उपकरणांत सक्तीचा असलेला ‘एसबीसी’ हा कोडेक त्याच्या प्रचलित उत्तम दर्जातही सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट एवढीच माहिती पाठवितो. सोनीचा ‘एलडीएसी’ कमाल ९९० किलोबिटपर्यंत जातो; मात्र फोन आणि हेडफोन या दोन्हींत तो असेल तरच त्याचा उपयोग. एका बाजूला नसेल तर दोघांना जमेल असा दुसरा कोडेक वापरला जातो. महागडा हेडफोन घेऊनही अपेक्षित दर्जा न मिळण्याचे हे एक कारण असते.

अर्थात या फरकाचा बाऊ करण्याचे कारण नाही. इंटरनेटवरून ऐकले जाणारे बरेचसे संगीत मुळातच आकसलेले असते. रस्त्यावरच्या किंवा लोकलमधल्या गोंगाटात हा सूक्ष्म भेद जाणवणे कठीण. शांत खोलीत, चांगल्या प्रतीच्या ध्वनिमुद्रणावर आणि चांगल्या हेडफोनवरच तो ओळखू येतो. आवाजाचा दर्जा वायरपेक्षाही हेडफोनच्या रचनेवर आणि तो कानात नीट बसतो की नाही यावर अधिक अवलंबून असतो.

विलंबाचा हिशेब

आकसणे, पाठविणे, साठविणे आणि उलगडणे या प्रक्रियेला वेळ लागतो. सर्वसाधारण ब्लूटूथ हेडफोनमध्ये हा विलंब १०० ते ३०० मिलिसेकंदांच्या दरम्यान असतो. वायरमध्ये तो जवळजवळ नसतोच. २०० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. ध्वनीला हवेतून सुमारे ६८ मीटर अंतर कापायला लागणारा वेळ.

चित्रपट पाहताना हा विलंब सहसा जाणवत नाही, कारण व्हिडिओ दाखविणारी ॲप चित्रही तेवढेच मागे ठेवतात. खेळांमध्ये अशी सोय नसते. बोट पडद्यावर पडल्यानंतर काही वेळाने गोळीचा आवाज येतो. संगीताच्या विद्यार्थ्यांना तर याचा फटका अधिक बसतो. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा नेमकी २०० मिलिसेकंदांची असते. फोनवर तबल्याचा ठेका लावून त्यावर आपले गाणे मुद्रित करू पाहणाऱ्याने ब्लूटूथ हेडफोन वापरला, तर त्याचा आवाज मुद्रणात जवळपास एक मात्रा मागे पडलेला दिसू शकतो. नुसता तानपुरा लावून रियाज करणाऱ्याला ही अडचण येत नाही. पडद्यावरची हार्मोनियम वाजविणे, स्वतःचा आवाज ऐकत गाणे किंवा ध्वनिमुद्रण करणे यांसाठी मात्र वायरला पर्याय नाही. ‘लो लेटन्सी’ किंवा ‘गेमिंग मोड’ असलेल्या हेडफोनमध्ये विलंब कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

संभाषणाच्या बाबतीतही असाच एक बारकावा आहे. हेडफोनचा मायक्रोफोन सुरू झाला, की रूढ ब्लूटूथ संगीताची पद्धत सोडून संभाषणाच्या पद्धतीवर जाते. मग सगळी ताकद दोन्ही दिशांच्या बोलण्यात वाटली जाते आणि आवाज एकाएकी पातळ, सपाट वाटू लागतो. ऑनलाइन मुलाखत देताना साधा वायरचा हेडफोनही अनेकदा महाग इअरबडपेक्षा स्पष्ट आवाज पोहोचवितो, तो यामुळे. २०२२मध्ये ज्याचे मूळ नियम पूर्ण झाले त्या ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत ही त्रुटी बऱ्याच अंशी दूर होते. त्यासाठीही फोन आणि हेडफोन दोघांची साथ लागते.

बॅटरीचे आयुष्य, वस्तूचे आयुष्य

इअरबडमधील बॅटरीची क्षमता साधारणतः ३० ते ६० मिलिअँपिअर-तास असते. आजच्या अनेक फोनमध्ये ती पाच हजारांच्या घरात असते. एवढ्याशा बॅटरीवर रेडिओ, चिप, ॲम्प्लिफायर आणि मायक्रोफोन यांचा भार असल्याने ती वारंवार चार्ज करावी लागते. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता सुमारे ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर ८० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि पुढे उतरतच जाते. रोज भरपूर वापर होत असेल, तर सुरुवातीला पाच तास चालणारे इअरबड दोन-तीन वर्षांत निम्म्यावर येणे नवलाचे नाही.

फोनची बॅटरी बदलून मिळते. इअरबडचे तसे नाही. बहुतेक इअरबड चिकटवून बंद केलेले असतात आणि फोडल्याशिवाय उघडत नाहीत. वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यतेची तपासणी करणाऱ्या ‘आयफिक्सिट’ या अमेरिकी कंपनीने पहिल्या एअरपॉड्सना १०पैकी शून्य गुण दिले होते. याउलट नेदरलँड्समधील ‘फेअरफोन’ कंपनीने २०२४मध्ये बॅटरी बदलता येणारे इअरबड आणून हे काम अशक्य नसल्याचे दाखवून दिले. युरोपीय संघाने २०२३मध्ये संमत केलेल्या नियमात, काही अपवाद वगळता, लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी यासाठी फेब्रुवारी २०२७ची मुदत घालण्यात आली आहे.

भारतात २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बंद पडलेले इअरबड घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. कचरा दाबला जाताना लिथियमची बॅटरी चेपून पेट घेऊ शकते. ई-कचरा संकलन केंद्रात ते देणे हाच योग्य मार्ग.

वायरचा विसरलेला उपयोग

वायरच्या हेडफोनचा एक उपयोग आज सहसा लक्षात घेतला जात नाही. एफएम रेडिओची सोय असलेल्या बहुतेक फोनमध्ये हेडफोनची वायर हाच अँटेना असतो. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी तीन मीटर असते आणि ती पकडण्यास साधारण मीटरभर लांबीची वायर सोयीची ठरते. वायर जोडल्याशिवाय हा रेडिओ सुरू होत नाही तो यामुळेच.

चक्रीवादळ, पूर अशा प्रसंगी मोबाइलचे मनोरे बंद पडले, तर इंटरनेटवरील बातम्या थांबतात; आकाशवाणीचे प्रक्षेपण सुरू असेल तर एफएम रेडिओ मात्र ऐकता येतो. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३मध्ये मोबाइल उत्पादकांच्या संघटनांना फोनमधील एफएम रेडिओची सुविधा बंद न ठेवण्याविषयी सूचना केली, ती याच विचाराने. कोकण किनाऱ्यावर किंवा नदीकाठच्या गावांत राहणाऱ्यांनी एफएम असलेला फोन आणि वायरचा एक स्वस्त हेडफोन घरात ठेवणे शहाणपणाचे.

कानाला दोन्ही सारखेच

बिनतारी हेडफोनमुळे मेंदूला धोका होतो, अशी भीती अनेकांना वाटते. हेडफोनमध्ये सर्रास आढळणाऱ्या ब्लूटूथची कमाल शक्ती सुमारे २.५ मिलिवॉट असते. टू-जी फोन ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २ वॉटपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे फोन थेट कानाला लावण्याच्या तुलनेत ब्लूटूथचा मारा फारच कमी असतो. खरा धोका लहरींचा नसून आवाजाच्या पातळीचा आहे.

कानाच्या आतील शंखाकृती भागात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या नष्ट झाल्या तर माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील १०० कोटींहून अधिक तरुण असुरक्षित पद्धतीने ऐकण्यामुळे श्रवणदोषाच्या छायेत आहेत. संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासह केलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. लहान मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबलची आहे. पातळी दर ३ डेसिबलनी वाढली, की मर्यादा निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ला १० तास, ८९ला ५ तास आणि ९५ डेसिबलला आठवड्याभरात जेमतेम सव्वा तास.

लोकल, बस किंवा यंत्रांच्या आवाजात बसलेला माणूस नकळत हेडफोनचा आवाज चढवीत जातो. येथे कानात घट्ट बसणारी रबरी टोपी उपयोगी ठरते. बाहेरचा आवाज उलट लहर निर्माण करून दाबणारी ‘नॉइज कॅन्सलेशन’ची सोयही उपकारक आहे, कारण त्यामुळे कमी आवाजात ऐकता येते. ही सोय प्रामुख्याने बिनतारी हेडफोनमध्ये मिळते, ही त्यांची जमेची बाजू. विमान, पंखा, इंजिन यांची अखंड घरघर ती चांगली दाबते. बोलणे आणि भोंगे तितके नाही.

मात्र हीच सोय रस्त्यावर घातक ठरते. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज कानावर न पडणे जिवावर बेतू शकते. रेल्वेमार्ग ओलांडणे हा तर १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७नुसार गुन्हाच आहे. कानात हेडफोन असताना तो मृत्यूला आमंत्रण ठरतो. तेथे वायरचा आणि बिनतारी असा भेद उरत नाही.

खरेदीपूर्वी हे पाहावे

• फोनला गोल जॅक आहे का, हे आधी तपासावे. नसल्यास टाइप-सी हेडफोन किंवा ॲडॅप्टर लागतो. काही ॲडॅप्टरमध्ये आवाजाची चिप असते, काहींमध्ये नसते. चिप नसलेला ॲडॅप्टर प्रत्येक फोनवर चालत नाही. दुकानातच आपल्या फोनला लावून पाहणे उत्तम.

• जुन्या काही हेडफोनच्या पिनवर मायक्रोफोन आणि अर्थ यांच्या जागा उलट असतात. असा हेडफोन नव्या फोनला लावल्यास आवाज खोल गेल्यासारखा येतो. दोष हेडफोनचा नसून जोडणीचा असतो.

• बिनतारी हेडफोनवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह आणि क्रमांक आहे का, ते पाहावे. ही नोंदणी सक्तीची आहे.

• घाम आणि पावसासाठी किमान ‘आयपीएक्स ४’ दर्जा असावा. हा दर्जा शिंतोड्यांपासून संरक्षण देतो, पाण्यात बुडण्यापासून नव्हे.

• बॅटरी बदलून मिळते का, एकच इअरबड हरवल्यास तो सुटा मिळतो का, वॉरंटी किती महिन्यांची, हे पावती घेण्याआधी विचारावे.

• फोनमधील आवाजमर्यादेची सोय सुरू ठेवावी. मुलांच्या फोनमध्ये तर ती अवश्य लावावी.

एकंदरीत, व्यायाम, प्रवास आणि हात मोकळे ठेवून बोलण्यासाठी बिनतारी हेडफोन सोयीचे आहेत, यात शंका नाही. संगीताचा अभ्यास, ध्वनिमुद्रण, खेळ, परीक्षा-मुलाखती आणि बिकट प्रसंगीचा रेडिओ यांसाठी वायर अधिक भरवशाची. अनेकांच्या बाबतीत एक मध्यम किमतीचा बिनतारी आणि एक साधा वायरचा असे दोन हेडफोन हे एका महागड्या जोडीपेक्षा अधिक उपयोगी ठरू शकतात. बिनतारी हेडफोन घेताना मात्र तो काही वर्षांपुरताच आहे, हे किमतीच्या हिशेबात धरावे. हेडफोन बिघडला तर नवा आणता येतो. गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.